मानाची बारी

काकासाहेबांनी काष्टीच्या बाजारातून घोडी आणली आणि कुणाला काही न सांगता दारापुढच्या लिंबाला बांधली. सांगायची गरजच नव्हती. भैरवनाथाची यात्रा दोन दिवसांवर आलेली असताना दांगड्यांच्या दारात तांबडी घोडी येते, ती काय वरातीत नाचवायला? लंकाबाई पिठाच्या हातानं चुलीपुढून उठली, दारात आली, आणि घोडी बघून उंबऱ्यावरच थबकली. देखणी होती मेली. लांब मान, पातळ कातडं, आणि कान सारखे मागं-पुढं.

"पुष्पाक्का, ही कुनासाठी वो?" तिनं थोरल्या जावेला विचारलं.

"मला काय इचारतीस? तुला कळत न्हाई व्हय?" पुष्पावती म्हणाली आणि पाण्याचं निमित्त करून आत गेली. बाई वाईट नव्हती. पण काकासाहेबांच्या शब्दापुढं तिचा शब्द कधी गेला नव्हता, आणि जाईल अशी तिला आशाही नव्हती.

गोरक्षनाथ, म्हणजे काकासाहेबांचा धाकटा भाऊ आणि लंकाबाईचा नवरा, तेव्हा ओट्यावरच बसला होता. त्यानं घोडीकडं बघितलं, पुन्हा खाली बघितलं, आणि दोरीसाठी हातातला वाख वळत राहिला. पुण्याच्या रेसकोर्सवर तो पडला त्याला दीड वर्ष झालं होतं. मांडीचं हाड खुब्यात बसलं, पण डावा पाय आखूड झाला तो झालाच. डॉक्टरांनी काकासाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता हा पडला तर चालणार नाही, जन्मभर उचलून ठेवावा लागेल. ते काकासाहेब विसरले होते असं नाही. पण मानापुढं माणूस काय काय बाजूला ठेवतो, ते दांगड्यांच्या घरात यावं आणि बघावं.

गोरख घोडीवर बसला तो आठ वर्षांचा असताना. मिसरूड फुटायच्या आत पंचक्रोशीत म्हणायला लागले, घोडी बघावी दांगड्याची आणि मांड बघावी गोरखची. मग एका यात्रेत पुण्याच्या कुणा ट्रेनरच्या माणसानं त्याला बघितलं आणि नेला. तिथं आधी लीद काढली, मग घोडी फिरवली, मग एक दिवस रेशमी सदरा अंगात आला आणि आमचा गोरख जॉकी झाला. पेपरात फोटो आला तेव्हा थोरल्या दांगड्यांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, वाडीत पेढे वाटले. नंतरच्या साली कुणी घोडं देईना. ज्या घोड्याला दुसरं कुणी हात लावत नाही ते याच्या वाट्याला, आणि ते हरलं की दोषही याच्याच वाट्याला. मग पुन्हा एका पावसाळ्यात असा काही वर आला, की काष्टीच्या हाटेलातसुद्धा त्याच्या नावावर पैजा लागल्या. चढ आणि उतार, उतार आणि चढ. एवढं सगळं चालू असताना चैत्रात मात्र तो सुट्टी काढून गावी यायचाच, भैरवनाथाच्या मानाच्या बारीसाठी.

आता ही बारी म्हणजे काय, हे लांबच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडं गाड्याला जुंपलेली बैलं घाटाची चढण पळतात ती घोडीच्या मागं. पुढं घोडी, तिच्यावर माणूस, आणि त्याच्या पाठीला लागून शिंगं उगारलेली बैलं. घोडी अडखळली तर तो माणूस बैलांच्या पायाखाली जातो. यात्रेची पहिली बारी दांगड्यांच्या थोरल्या घराची, आणि घोडीवर माणूस त्याच घरातला पाहिजे. एक साल चुकलं तर देव माफ करतो, लागोपाठ दोन चुकली की मान दुसऱ्या घराकडं जातो. मागच्या साली गोरख खाटेवर होता. यंदाचं हे दुसरं साल.

आणि या घराची आणखी एक रीत होती. घोडीवाल्यानं लगाम स्वतः घ्यायचा नाही. देव्हाऱ्यापुढचा लगाम त्याच्या बायकोनं पदरात घ्यायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. बारीच्या दिवशी ती देईपर्यंत त्यानं घोडीवर चढायचं नाही. लंकाबाई नवी नवरी असताना सासूनं तिला सांगितलं होतं, "लगाम देताना मनात म्हन, जा. आलास तर माजा, न्हाई आलास तर देवाचा." लंकाबाईनं दर चैत्रात ते म्हटलं होतं. म्हणताना दर साली तिचे ओठ सुकले होते.

यात्रेच्या दिवशी सकाळी ओट्यावर सगळे जमले. तिसगावाहून गोरखची थोरली बहीण साळूबाई आदल्या दिवशीच येस्टीनं आली होती. चुलते आप्पासाहेब आले होते, आणि त्यांच्यामागं त्यांचा मुलगा गहिनीनाथ. लंकाबाई दाराआड उभी राहिली. थोरल्या दिरासमोर ती येत नसे, आणि काकासाहेबही तिच्याशी कधी थेट बोलत नसत. काही सांगायचं झालं तर पुष्पावतीला म्हणत, "धाकटीला सांग." लग्न होऊन आली तेव्हापासून हीच तऱ्हा.

"औंदा बारी चुकली की मान गेला," काकासाहेब म्हणाले. "घोडी आनलीया. बैलं तयार हायेत. बाकी गोरखनं ठरवायचं."

"त्यानं काय ठरवायचं ऱ्हायलंय? घोडी दारात बांधून ठरवायला सांगता व्हय?" आप्पासाहेब हसले. "अरं, त्या पोराच्या पायाकडं बगा. मारता का काय त्याला? आन मान जातोय कुटं? माजा गहिनीनाथ काय परका हाय?"

"आप्पा, वाटनी करताना तुमीच म्हनलावता, चूल येगळी तर देव बी येगळा. आता मान आटवला?"

आप्पासाहेबांनी सुपारी कातरायला घेतली.

साळूबाई मोठ्या आवाजाची बाई. ती म्हणाली, "बाबा जाताना गोरखचा हात धरून काय म्हनले, आटीवतंय ना समद्यांला? बारी सोडू नगंस म्हनले. मरत्या मान्साचा शबुद हाय. म्या तर बाई काकाच्या बाजूनं हाय."

सगळे त्याच्याविषयी बोलत होते आणि गोरख वाखाचा पीळ घट्ट करत होता.

"लंके," आप्पासाहेबांनी दाराकडं तोंड करून हाक मारली, "तू तरी बोल, पोरी. तुजं कुकू हाय. तुज्या मागं मी हाय."

लंकाबाईला भडभडून आलं. या घरात कुणीतरी आपल्या बाजूचं आहे असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं दाराच्या फटीतून बघितलं. गहिनीनाथाच्या डोक्याला कोरा फेटा होता, कमरेला शेला करकचून बांधलेला होता. तयार होऊन आला होता पठ्ठ्या! आप्पासाहेबांची माया कुठून पाझरतेय ते तिला कळलं. आयत्या बिळावर नागोबा.

पण नागोबा असो नाहीतर कुणी असो, तिला गोरख जिता पाहिजे होता. ती दाराआडूनच म्हणाली, "मी लगाम देनार न्हाई."

ओट्यावरून काकासाहेबांचा आवाज आला, "पुष्पे, धाकटीला सांग, या घरात आजवर कुन्या बाईनं असं तोंड उघडलं न्हाई."

"मंग आज उघडलं म्हना," लंकाबाई म्हणाली. हे मात्र हळूच म्हणाली.

साळूबाई तरातरा आत आली. "काय गं, भवाने! भावाच्या इज्जतीला बट्टा लावतीस?"

लंकाबाईनं शिंक्यावरची गोरखची परात उतरवली आणि नणंदेपुढं धरली. परातीत न्याहरीची अर्धी भाकरी होती. कोरडी. वर चिमूटभर मीठ.

"ही कुनाची?"

"त्यांची. लगीन होऊन आले तवापास्नं अर्दीच वाढतीया, वन्सं. वजन वाडंल, वजन वाडंल, मंग घोडं कोन दील? दिवाळीला करंजी न्हाई, कुनाच्या बारशाला बसले तर घुगऱ्या न्हाईत. आता दीड साल झालं, घोड्यावर बसले न्हाईत, कुनी बसवीत न्हाई. तरी अर्दीच. पोट भरून जेवलेला नवरा मी एक डाव बगितला न्हाई."

साळूबाई परातीकडं बघत राहिली. लहानपणी आईनं दोघांना एका ताटात वाढलं की गोरख तिची पण भाकरी पळवायचा, हावरट. "माज्या गोरखला लई भूक हुती गं," ती म्हणाली आणि खाली बसली. बसून खूप रडली. मग डोळे पुसून बाहेर गेली आणि काकासाहेबांना म्हणाली, "काका, नगं. बाबांला म्या जबाब दीन वर गेल्यावर. पन नगं."

"आता तू बी फिरलीस?" काकासाहेब म्हणाले आणि उठून बैलांकडं गेले. घरात घर फुटायला वेळ लागत नाही.

लंकाबाई घोडीला पाणी ठेवायला म्हणून लिंबाखाली गेली, तेव्हा गोरख तिथंच उभा होता. आता हा बोलणार, कदाचित हात उचलणार, असं धरून तिनं बादली खाली ठेवली.

"लंके, आडून बसलीस ते ब्येस केलंस," तो म्हणाला.

तिनं वळून त्याच्याकडं बघितलं.

"तशीच आडून ऱ्हा. कायबी झालं तरी लगाम दिऊ नगंस. लोकं म्हनतील बायकूनं आडवलं. म्हनू दे."

"म्हंजी? तुमाला बी जायचं न्हाई?"

त्यानं घोडीच्या मानेवर हात ठेवला. "काल हिला हिरीकडं नेलती, कुनी नसताना. वर बसलो. टाच मारायच्या आदीच घाम फुटला. डोळ्याफुडं अंदार. उतरलो आन तितंच बसून ऱ्हायलो. लंके, पुन्यात घोडं घसरलं न्हाई. मी घसरलो. वजन उतरंना म्हनून तीन दिस निस्त्या लिंबूपान्यावर हुतो. वळनावर डोळं मिटलं आन माज्या हातनं लगाम सुटला. घोडं धडपाडलं, त्याचा पाय मोडला, आन पाय मोडलेल्या घोड्याला काय करत्यात तुला ठावं हाय. समद्यांनी म्हनलं घोडं खोटं हुतं. मी बी व्हय म्हनलं. मुकं जनावर, ते काय बोलतंय?"

लंकाबाईला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी असा संताप आला की तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं याच्या नावाची शेखी मिरवली ती घरानं. उपास काढले यानं आणि तिनं. आता लाज उरली होती, तेवढी तिच्या पदरात. सगळ्या वाडीनं म्हणायचं, वाघासारखा गडी, बायकोनं शेळी केला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," गोरख म्हणाला. "माजं यवडं ऐक."

"आन फुडल्या साली?" तिनं विचारलं. "फुडल्या चैतात आप्पांच्या घरचा मान परत आनायला दादा दुसरी घोडी आनतील. तवा बी मीच आडू? आन तवर तुमी अर्दी भाकरीच खानार, का तर उद्या कुनाला संशेव यायला नगं?"

हलगीचा आवाज वेशीकडून यायला लागला होता.

हलगी दाराशी आली. यात्रेचे मानकरी मानाच्या घोडीला बोलवायला आले होते, मागं अर्धी वाडी. काकासाहेब गुलालाचं ताट घेऊन उभे होते, तोंड पडलेलं. आप्पासाहेब पुढं सरकत होते. एवढ्यात लंकाबाई घरातून बाहेर आली. डोक्यावरून पदर, आणि पदरात लगाम.

"अगं लंके!" साळूबाई ओरडली.

काकासाहेबांचा चेहरा उजळला. गोरखचा पांढराफटक पडला. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा तो ओठातल्या ओठात म्हणाला, "काय सांगितलंतं मी तुला?"

"मी आडवत न्हाई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "माजं नाव नगं यात. जायचं तर जा. न्हाई जायचं तर तुमीच सांगा, तुमच्या तोंडानं. ह्यो घ्या."

हलगीवाल्यानं हात थांबवला. गोरखनं लगाम घेतला. आपण चुकलो, हा पठ्ठ्या आता हट्टानं चढणार आणि मरणार, असं लंकाबाईला वाटलं. आणि मारणारी मी. तो लंगडत घोडीपर्यंत गेला. मनातल्या मनात तिनं सासूचे शब्द आठवून बघितले. ते काही केल्या तिला आठवेनात.

घोडीजवळ तो थांबला. मग वळला.

"दादा, मला भ्या वाटतं," तो म्हणाला.

कुणाला नीट कळलंच नाही. वाडीत कुणा गड्यानं असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"मला भ्या वाटतं घोडीचं. वर बसलो की हातपाय कापत्यात. पुन्याचं घोडं बी खोटं नव्हतं, लई गुनी हुतं. माज्या चुकीनं मेलं. बायकूनं मला आडवलं न्हाई, आप्पांनी न्हाई, कुनीच न्हाई. माज्यानंच व्हत न्हाई आता."

बोलून झाल्यावर तो गहिनीनाथाकडं गेला आणि लगाम पुढं केला. "मीच शिकवलंय तुला. मागं वळून बघू नगंस. शिंगाचा वारा पाठीला लागला तरी बघू नगंस."

आप्पासाहेबांना हेच पाहिजे होतं, पण त्यांना हसू फुटेना. गहिनीनाथ मात्र दोन पावलं मागं सरला. "आसा न्हाई घेनार, दादा. थोरल्या घराचा लगाम हाय. वैनीनं दिला तर घीन, आन बारी थोरल्या घराची म्हनूनच पळीन. आप्पा, काय म्हनायचं ते घरी म्हना."

लगाम फिरून लंकाबाईच्या पदरात आला. तिनं गहिनीनाथाच्या हातात दिला. आता मात्र शब्द आठवले, पण दुसऱ्याच्या लेकराला देवाचा कसं म्हणायचं? ती म्हणाली, "जा, आन परत ये." एवढंच.

काकासाहेबांनी गुलालाचं ताट पुष्पावतीच्या हातात दिलं आणि कुणाकडं न बघता मिरवणुकीच्या मागनं चालू लागले.

घाटावर गोरख गेला नाही. घरात दोघंच उरली. ती चुलीपुढं पुरण वाटत होती, तो ओट्यावर. घाटाकडून आरोळी उठली तशी ती दारात आली. तो गुडघे घट्ट आवळून बसला होता, पुढं वाकलेला, आरोळी चढत गेली तसा आणखी वाकत गेलेला. मग एकदम मोठा गलका झाला. बारी संपल्याचं निशाण पडलं असणार. त्यानं श्वास सोडला. "वर गेली," तो म्हणाला. "सरळ गेली. घोडी चांगली आनली दादानं."

संध्याकाळी पंगत बसली. गहिनीनाथ गुलालानं माखून आला होता. आप्पासाहेब कितीतरी वर्षांनी या घरात जेवायला बसले, थोडे अवघडून. पाहुणेरावळे जेवून गेले, भाऊबंद बसले, तरी काकासाहेबांचा पत्ता नव्हता. अंधार पडता पडता ते आले, पाय धुतले आणि धाकट्या भावाशेजारच्या रिकाम्या पाटावर बसले.

पदर पुढं ओढून लंकाबाई वाढत आली. हाताला सवय ती सवय. गोरखच्या ताटात तिनं पोळीचे दोन भाग करून अर्धी वाढली, तूप न घालता, आणि पुढं सरकली. त्यानं ती खाल्ली. ती परत फिरली तेव्हा तो रिकाम्या ताटाकडं बघत होता.

"लंके," तो म्हणाला, "वाढ की."

तिला वाटलं, पाणी मागतोय. ती उरलेली अर्धी पोळी हातात घेऊन उभीच राहिली, टाकू की नको. सगळ्या पंगतीचे हात थांबले होते. साळूबाईनं तोंडाला पदर लावला.

"लंकाबाई," काकासाहेब म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं, आणि तेही मान वर करून. "अर्दी नगं. अख्खी वाढा त्याला. आन तूप घाला चांगलं, आखडू नगा हात."

त्यांनी आपल्या वाटीतलं तूप स्वतःच भावाच्या ताटात ओतलं. ओतताना थोडं पाटावर सांडलं. "माजी चूक झाली, गोरख," असं काहीतरी ते पुटपुटले, पण ते नीट ऐकू आलं नाही, आणि गोरखनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं नाही. तो जेवत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो जेवत होता. लहान पोर जेवतं तसा, भराभर, आणि पुन्हा मागत होता.

त्यानं आणखी मागितली तेव्हा पोळ्या संपल्या होत्या. पाहुण्यांतच सगळं गेलं होतं. पुष्पावती ओशाळून म्हणाली, "भावजी, आता भात घ्या."

"भात कशाला?" लंकाबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, विझत आलेली चूल फुंकली आणि पुन्हा पुरणाची डाळ शिजत घातली.